गंज नव्हे, टेक्स्चर

शनिवार, ४ जानेवारी
निर्णय पक्का. स्पोर्ट्स कार घ्यायची. दोन दारांची, लाल, सेकंडहँड, स्वस्तात. ९ फेब्रुवारीला लग्नाला पंचवीस वर्षं होतायत. त्या दिवशी उत्तराला शेजारी बसवून मुलुंडहून थेट सांताक्रूझ, तिच्या भावाच्या दारात. हा मिहिर लग्नापासून मला ‘सावकाश माणूस’ म्हणत आलाय. बघू दे.
उत्तराला सांगितलं. तिने आधी बाल्कनीतल्या ट्रेडमिलकडे पाहिलं. त्यावर टॉवेल वाळत होते. मग म्हणाली, बसेन, पण गंज नाही याची खात्री तू स्वतः करायची. भंगारात बसून मी माहेरी जाणार नाही.
म्हणजे हो.

सोमवार, ६ जानेवारी, लंच टाइम
गंज या विषयात आता मी जवळजवळ एक्स्पर्ट. भरपूर व्हिडिओ पाहिले. पत्र्यावर मॅग्नेट फिरवायचा. चिकटला तर पत्रा, पडला तर गंज भरून वरून पुट्टी. खालच्या कडा स्क्रू ड्रायव्हरने टोचायच्या. आतली मॅट उचलून फ्लोअर बघायचा. एवढंच. लोक फसतात ते भिडेपोटी. मला भीड नाही.

गुरुवार, ९ जानेवारी
गाडी सापडली! खारदांड्याला. काशीराम म्हणून एक जण आहेत, त्यांच्या जुन्या शेठची. मोटरसायकलच्या भावात देतायत. रविवारी बघायला जाणार.
चांगला मॅग्नेट आणायचा राहिला. फ्रिजवरचा चालेल. आमच्या लेकीने, गार्गीने, गोव्याहून आणलेला, पापलेटच्या आकाराचा.

रविवार, १२ जानेवारी
झकास गाडी. काशीरामांच्या दारात, अगदी पाण्याला लागून उभी. आठ वर्षं तिथेच आहे. ते म्हणाले, “समोर दर्या, साहेब. हवा एकदम फर्स्ट क्लास.” खरंच आहे. आजारी माणसांना डॉक्टर हवापालटाला समुद्रावर पाठवतात. या गाडीची आठ वर्षं हवापालट चाललीय.
मॅग्नेट लावला. छताला चिकटला. दारांच्या खालच्या बाजूला पडला. चाकांच्या वरही पडला. थोडा विचार केला आणि उलगडा झाला: अ‍ॅल्युमिनियम. स्पोर्ट्स कार हलकी असावी लागते. रंगाखाली बारीक फोड आहेत, ते टेक्स्चर.
स्क्रू ड्रायव्हर काढणार तेवढ्यात काशीरामांच्या बायकोने, शुभाताईंनी, जेवायला बसवलं. तळलेले बोंबील, तांदळाची भाकरी. नको नको म्हणत तिसरी भाकरी घेतली. त्यानंतर त्यांच्या गाडीला टोचणं बरं दिसेना. खाल्ल्या मिठाला जागायला हवं. मॅटही उचलली नाही. ज्यांच्याकडे जेवलो त्यांच्या घरातली सतरंजी उचलून बघतं का कुणी?
टोकन देऊन आलो.

सोमवार, १३ जानेवारी
उत्तराने विचारलं, मॅट उचललीस का? मी बोंबलांचं वर्णन केलं. गार्गीने विचारलं, मॅग्नेट पडला तर व्हिडिओत काय सांगतात? व्हिडिओ साध्या गाड्यांसाठी असतात.
हल्लीच्या मुलांचा कशावर विश्वासच नाही.

शनिवार, १ फेब्रुवारी
कागदपत्रं झाली. गाडी आणली! सगळे वळून बघत होते. आवाजही दमदार. एसी बंद असूनही पायाशी गार वारा येत होता, डिझाइनच तसं असणार. शर्टाच्या खिशातलं पेन खाली पडलं ते काही सापडलं नाही. सीटखाली असेल.
उद्यापासून रोज सकाळी गाडी स्वतः पुसणार.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी
सकाळी थंडी होती, पुसली नाही. वॉचमन दशरथ म्हणाला, गाडीखाली रोज लाल भुगा पडतो. बरोबर आहे, वर बांधकाम चालू आहे.
वर म्हणजे समोरच्या बिल्डिंगमध्ये.

रविवार, ९ फेब्रुवारी, सकाळी
पूजा. उत्तराने हळदकुंकू वाहिलं, हार घातला, मी चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. मिहिरच्या बायकोची ओटी भरायला आणलेला दुसरा नारळ उत्तराने आपल्या सीटपुढे पायाशी ठेवला आणि व्हिडिओ काढायला बाहेर उभी राहिली. जांभळी पैठणी. फार छान दिसत होती. मी ऐटीत गाडी पुढे घेतली. लिंबं फुटली. दशरथ म्हणाला, “साहेब, नारळ पडला.”
दार उघडं राहिलं असेल. नारळ आत ठेवला, पुन्हा गाडी पुढे घेतली.
“साहेब, परत.”
शेवटी मॅट उचलली. फ्लोअर नव्हता. आमच्या सोसायटीचे पेव्हर ब्लॉक दिसले. उत्तराचे पाय तिथे असते. तसं मी तिला सांगितलंही.
ती रागावली नाही. नारळ उचलून पदराने पुसला आणि रिक्षा थांबवायला गेटकडे निघाली.

तोच दिवस, घरी परत आल्यावर
सावकाश गेलो. मिहिरला सांगितलं, गाडी सर्व्हिसिंगला आहे. उत्तराने मान डोलावली. परत येताना रिक्षात मात्र तिला हसू आवरेना. माझा हात धरून म्हणाली, “तू खाल्ल्या मिठाला जागलास रे, श्याम. गाडीने समुद्राचं नुसतंच खाल्लं.”
पापलेट परत फ्रिजवर लावला. लगेच चिकटला.