नऊ आणि दहा

॥ श्री वैजनाथ प्रसन्न ॥

सिरसाळा, १२ जुलै १९९९

चि. संगमेश यास गंगासागरअक्काचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. तुझा मित्र योगीराज काल बर्फाची पेटी घेऊन गेला. बारा बाटल्या मागितल्या होत्यास, बारा भरल्या. हरिबा कंपाउंडरनं घरोघर जाऊन सगळ्या बायकांचं रक्त काढलं. चुलती विचारत होती, बंगळूरला रक्त मिळत न्हाई का? म्हटलं, आपल्यासारखं न्हाई मिळत. बाटल्यांवर नंबर आहेत, नावांची यादी सोबत आहे. नऊ माझी, दहा ईश्वरीची. पोरगी सुईला लई भिते.

आई ज्या गाठीनं गेली, मावशी गेली, तिचा तू माग काढतोस म्हणून सगळ्यांनी हात पुढं केले. तुझे दाजी गिऱ्हाइकांना तुझं काम समजावतात, आणि चुकीचं समजावतात.

वेळेवर जेवत जा. लोभ आहेच, पत्रानं वाढव.

तुझी अक्का

•

बंगळूर, २५ जुलै १९९९

ती. अक्कास संगमेशचे शरणार्थ.

पेटी पोचली. दाजींना सांग, एकच खराब घटक शोधत बसणं हे माझं काम नव्हे. रक्तात शेकडो घटक असतात. ते एकमेकांशी कसे वागतात हे मी संगणकावर मांडतो. बाजारात भांडण जुंपण्याआधी माणसांचं बोलणं बदलतं, तसं गाठ हाताला लागण्याआधी यांचं वागणं बदलत असावं.

कुणाच्या रक्तात तसं निघालं, तर आधी तुला कळवीन. ईश्वरीला म्हणावं, मामा तिला आता झाशीची राणी म्हणणार.

माया आहे तशी राहू द्यावी.

संगमेश

•

सिरसाळा, २८ नोव्हेंबर २००१

चि. संगमेश यास आशीर्वाद.

तुझा छापील लेख पोचला. दाजींनी तो दोन दिवस दुकानात मांडून ठेवला. मग ईश्वरीनं मला मराठीत सांगितला. ती आता परळीला बी.एस्सी.ला आहे. नवव्या बाईच्या रक्तात आजाराची चाहूल आहे, असं तिसऱ्या पानावर आहे. तपासणी डिसेंबर १९९९ मध्ये पुरी झाली, असं शेवटी आहे.

त्यानंतर दोन भाऊबीजा झाल्या. दोन्ही वेळा तू पाटावर बसलास, मी ओवाळलं.

श्रावणात काखेजवळ वाटाण्याएवढी गाठ लागली. हरिबाकडून मलम आणलं. वाटलं, काही असतं तर संगमेशनं कळवलं असतं.

सोमवारी सोलापूरच्या दवाखान्यात जातो आहोत. उत्तर दे.

अक्का

•

बंगळूर, ६ डिसेंबर २००१

ती. अक्कास शरणार्थ.

मला ठाऊक होतं. नंबरामागचं नाव पाहायचं नाही असा इथला नियम, पण यादी तुझ्या पत्रातच होती. तुला सांगितलं असतं तर त्या बाटल्या अभ्यासातून काढाव्या लागल्या असत्या, आणि सगळा लेख नऊ आणि दहावर उभा आहे. आई आणि मुलीच्या रक्ताची मांडणी इतकी हुबेहूब असते, हे आजवर कुणी दाखवलं नव्हतं. त्यावरच मला स्वतःची प्रयोगशाळा मिळाली. दाजींनी मागितला म्हणून लेख पाठवला. तिथं कुणी वाचेल असं वाटलं नाही.

ईश्वरीलाही दाखवून घे. हे लिहायला दोन वर्षं लागली.

रागाव, पण तोडू नकोस.

संगमेश

•

सिरसाळा, २ जानेवारी २००२

चि. संगमेश यास,

ऑपरेशन झालं. डावा हात वर जात नाही. डॉक्टर म्हणाले, दोन वर्षं आधी यायला हवं होतं. मी मान हलवली.

तुला एक कळवायचं राहिलं होतं. त्या दिवशी 'सुई नगं' म्हणत ईश्वरी मागच्या दारानं पळाली. योगीराजची गाडी निघायची होती. अकरा बाटल्यांनी तुझं काम अडेल, म्हणून मी हरिबापुढं दुसरा हात धरला. दहावी बाटलीही माझीच.

तू आम्हां दोघींबद्दल गप्प राहिलास. त्यातली एक तिथं नव्हतीच. ईश्वरीचं रक्त अजून कुणी पाहिलेलं नाही. ते आता सोलापूरला देऊ. तिनं स्वतःच हात पुढं केला आहे.

बाटलीचं हे मी अजून कुणाला बोलले नाही. पुढं कुणाला सांगायचं, केव्हा सांगायचं, ते तू ठरव. आधी तुला कळवलं.

गंगासागर