मी विमान कंपनीची नोकरी का घेणार नाही

इंदोरा, नागपूर
१२ मार्च १९७९

प्रिय रुपरावदादा,

तुला आणि वहिनीला सप्रेम जयभीम. आम्ही सगळे बरे आहोत. म्हणजे बाबांचा खोकला आणि आईचा गुडघा सोडून बरे आहोत. ही दोन्ही दुखणी तू पोस्टात लागून मुंबईला गेलास तेव्हाही होती, तेव्हा त्यांना आता आजार न म्हणता घरातली माणसंच म्हटलं पाहिजे. वहिनीची दाढ काढायची होती ती निघाली का? मागच्या महिन्यात मी मुंबईला आलो तेव्हा तुम्ही दोघं नेमके भिवापूरला तिच्या माहेरी गेला होतात. भेट झाली असती तर या पत्राची गरज पडली नसती आणि तुझा वेळ वाचला असता.

लिहिण्याचं कारण एवढंच, की विमान कंपनीतली वैमानिकाची नोकरी घ्यायची नाही असं मी ठरवलं आहे. हे तुला इतरांच्या आधी कळावं, कारण घरात मोठा तू आहेस आणि बाबा तुझं ऐकतात. (माझंही ऐकतात, पण ऐकून झाल्यावर तुला विचारतात.) निर्णय मी शांतपणे घेतला आहे. तो किती शांतपणे घेतला हे कळावं म्हणून सगळं पहिल्यापासून सांगतो.

मुलाखतीचं बोलावणं आलं त्या दिवशी बाबा कामठीला लूमवर होते. ते संध्याकाळी घरी पोचेपर्यंत बातमी त्यांना बसमध्येच कोणीतरी सांगितली होती, आणि घरी आल्यावर त्यांनीच ती मला सांगितली. विहाराच्या कमिटीने बैठक घेऊन ठरवलं, की पोराला असंच पाठवायचं नाही; आधी इथे मुलाखत घ्यायची, मग तिथे. अध्यक्ष अर्थात धोंडबाकाका. (गिरणीतून निवृत्त झाल्यापासून ते वस्तीतल्या प्रत्येक गोष्टीचे अध्यक्ष आहेत. त्यांना कोणी नेमत नाही. मधली खुर्ची रिकामी दिसली की ते तीत बसतात.) कॉर्पोरेशनच्या शाळेतल्या यमुताई सदस्य झाल्या. आणखी एक सदस्य मिळेना, म्हणून माझ्या आईला बसवलं. टेबलावर धुतलेली चादर घातली, सतरंज्या टाकल्या, आणि मंडपवाल्याने माइक आणून लावला, कारण त्याला वाटलं कार्यक्रम आहे. तसा तो होताच. अडचण अशी झाली, की प्रश्न माइकवर विचारले गेले आणि उत्तरं मी बिनमाइकची दिली. त्यामुळे पार कामठी रोडपर्यंत लोकांना फक्त प्रश्न ऐकू गेले. अजूनही मला कोणी ना कोणी रस्त्यात अडवून त्यांची उत्तरं विचारतो.

पहिला प्रश्न यमुताईंचा. “मोठा पायलट चुकून राहिला अन् तुले ते दिसून राहिलं, त काय करशीन?”

मी म्हटलं, सांगीन.

“अन् त्यानं नाही आयकलं त?”

मी विचार करत होतो तेवढ्यात अध्यक्षांनीच माइक ओढून घेतला. “त्यात काय आहे गा? ठराव मांडायचा.”

“दोघंच बसतात तिथं, धोंडबाभाऊ. सूचक हा झाला. अनुमोदक कुठून आणता?”

“मांगं शंभर लोक बसले आहेत नं! त्यातला एकही हात वर नाही करणार? काहून नाही करणार?”

मागच्या शंभर लोकांना पुढे काय चाललं आहे ते दिसत नाही, हे मी सांगून पाहिलं. त्यावर अध्यक्ष म्हणाले की मग ही पद्धतच चुकीची आहे, आणि त्या पद्धतीचा निषेध नोंदवला गेला. आईने एकच प्रश्न विचारला. “जेवाले घरी कधी येशीन?” हा प्रश्न मुलाखतीचा नाही म्हणून अध्यक्षांनी तो बाद केला. मला बरं वाटलं, कारण त्याचं उत्तर मला येत नव्हतं. शेवटी मी सर्वांचे आभार मानावेत असं ठरलं, आणि ते मी मानले. आभाराचं काम लहानपणापासून माझ्याकडेच आहे, हे तुला माहीत आहे. बाकीची मुलं भाषण करायची, आणि मला भाषण पाठ होत नसे.

आता मुंबईतली खरी मुलाखत. चादर घातलेल्या टेबलापलीकडे पाच जण होते. मधले एक म्हातारे कॅप्टन, एक डॉक्टर, बाकी साहेब. बाहेर बसलेल्या मुलांपैकी दोघा-तिघांचे वडील त्या पाचांच्या ओळखीचे असावेत, कारण आतून बाहेर येताना एक साहेब त्यांना “डॅडी कसे आहेत?” म्हणून विचारत होता. मला माझ्या बाबांबद्दलही विचारलं. ते काय करतात? लूमवर कापड विणतात, असं मी सांगितलं. मग कशावर उडालास? पुष्पकवर. पुष्पक हे आमच्या फ्लाइंग क्लबचं दोन माणसांचं विमान, आणि त्याचे पंख कापडाचे असतात. बाबा एकदा सोनेगावच्या विमानतळावर ते बघायला आले होते. त्यांनी पंखाचं कापड चिमटीत धरून बराच वेळ पाहिलं, कापड चांगलं आहे असं मत दिलं, आणि मग म्हणाले की कापडाचं काय काय होते हे माहीत असलेला माणूस यात बसत नाही. हे मी आपलं सांगून गेलो. डॉक्टर हसले. बाकीचे हसले नाहीत, तेव्हा डॉक्टरही थांबले.

इंजिन, हवामान, ढग, नियम, सगळं विचारून झालं. ते ठीक गेलं असावं. मग म्हातारे कॅप्टन पुढे वाकले आणि म्हणाले, समजा मुख्य वैमानिक चुकतो आहे. तू काय करशील? दादा, शब्दाला शब्द तोच प्रश्न. माझ्या डोळ्यांसमोर धोंडबाकाका आणि हात वर केलेले शंभर प्रवासी उभे राहिले. ठराव हा शब्द मी मोठ्या कष्टाने गिळला. मी म्हणालो, एकदा सांगीन. ऐकलं नाही तर मोठ्याने सांगीन. तरी ऐकलं नाही तर विमान माझ्या हातात घेईन. ते म्हणाले, आणि तो मुख्य वैमानिक मी असलो तर? मी म्हणालो, तर दुसऱ्यांदा अधिक मोठ्याने सांगीन, कारण आपलं वय झालं आहे. हे मी आदराने म्हटलं होतं. इंग्रजीत आदर पोचतो की नाही हे मला सांगता येत नाही.

त्यांनी कागद आवरले. मधले कॅप्टन, म्हणजे तिथले अध्यक्ष, म्हणाले, तुला काही बोलायचं आहे? इथे जे झालं ते मी ठरवून केलेलं नाही. टेबल, चादर, मधले अध्यक्ष आणि शेवटी बोलायला सांगणं, या चार गोष्टी एकत्र आल्या की मी उभा राहतो. मी उभा राहिलो. अध्यक्षांनी आपला बहुमोल वेळ दिल्याबद्दल त्यांचे आभार मानले. सदस्यांचे मानले. चहा देणाऱ्या गणपतराव शिपायांचे नाव घेऊन मानले. ज्यांनी खुर्च्या मांडल्या त्या ज्ञात-अज्ञातांचे मानले. (माइकवाल्याचे मानले नाहीत. तिथे माइक नव्हता, हे मला वेळेत दिसलं.) आणि अध्यक्षांच्या परवानगीने कार्यक्रम संपल्याचं जाहीर केलं. हे सगळं इंग्रजीत. त्यावर पाचांपैकी तिघे उठून उभे राहिले. एकाने खिशात पेनही ठेवलं. तेवढ्यात पुढच्या मुलाने दार उघडलं, आणि सगळे उभे दिसल्यामुळे तो माफी मागून परत गेला. त्याला पुन्हा बोलवायला गणपतरावांना जावं लागलं.

पण नोकरी न घेण्याचं कारण हे नाही. कारण ओमप्रकाश आहे. आमच्या क्लबमधला, इतवारी भागात राहणारा मुलगा, मला दोन वर्षं सीनियर, आता त्याच कंपनीत सहवैमानिक. मी मुंबईत त्याच्याकडेच उतरलो होतो. त्याच्या खिडक्यांना काळा कागद लावलेला आहे, कारण तो दुपारी झोपतो. भरलेली बॅग कायम दाराशी असते. त्याने मद्रास पाहिलं आहे, कलकत्ता पाहिलं आहे, आणि दोन्ही शहरांबद्दल मी विचारलं तेव्हा त्याने मला हॉटेलांच्या पंख्यांबद्दल सांगितलं. दर सहा महिन्यांनी त्याला डॉक्टरकडे जावं लागतं, आणि पुढचे सहा महिने तो वैमानिक आहे की नाही हे डॉक्टर ठरवतो. त्याला दोन वर्षांची मुलगी आहे. तो ड्यूटीवरून आला, बूट काढायला लागला, आणि ती त्याच्याकडे बघून हात हलवत “टाटा” म्हणाली. त्याची बायको, पुष्पलतावहिनी, माझ्याकडे वळून म्हणाल्या, “देखो भाईसाब, आते हैं तो टाटा करती है. जाते हैं तब सोई रहती है.” ओमप्रकाश हसला. तीही त्याच्याकडे बघून हसली. मग तो जेवला आणि काळ्या कागदामागे जाऊन झोपला.

परतीच्या गाडीत मी हाच विचार करत होतो. क्लबमध्ये मला शिकवण्याचं काम मिळेल, असं तिथले साहेब म्हणाले आहेत. पगार कमी आहे, पण ज्या जमिनीवरून उडायचं त्याच जमिनीवर उतरायचं, आणि संध्याकाळी सायकलने घरी. मुलगा पहिल्यांदा एकटा उडतो तेव्हा खाली उभं राहून मान दुखेपर्यंत वर बघायचं. हे मला आवडतं. माणसाला आपल्याला काय सोसणार हे एकदा कळलं की त्याने इकडे तिकडे बघू नये. मला ते कळलं आहे. दिवसा झोप येत नाही, हॉटेलचं अन्न सोसत नाही, आणि टाय बांधला की मला स्वतःचंच बोलणं ऐकू येत नाही.

बाबांना हे सांगितलं. मला वाटलं ते चिडतील. त्यांनी खोकून घेतलं आणि म्हणाले, “नाही कराची त नको करू. पण आधी त्याइले हो म्हणू दे. नाही म्हणाचं काम आतापरेंत त्याइचंच होतं. आपल्या घरातून कोणाले नाही म्हणाले भेटलं नाही अजून.” थोड्या वेळाने म्हणाले, “तू म्हण. जोरात म्हण.”

हे बोलणं धोंडबाकाकांपर्यंत पोचलं. माझ्या सत्काराची हँडबिलं त्यांनी आधीच छापून आणली होती. तारीख एप्रिलची आहे. हँडबिलं वाया जाऊ नयेत म्हणून आता त्यांनी असं काढलं आहे, की सत्कार होणारच. निवडीबद्दल नाही तर नकाराबद्दल. त्यांच्या मते हा सत्कार मोठा. निवड होणारे पुष्कळ असतात.  आईने माझ्या काळ्या बुटांना पॉलिश करून ते कागदात गुंडाळून ठेवले, आणि मी काहून म्हणून विचारलं तर म्हणाली, “धूळ बसून राहिली होती गा.”

तेव्हा माझा निर्णय असा आहे. वहिनीला नमस्कार सांग. दाढ निघाली नसेल तर उशीर करू नये असं माझं मत आहे.

तुझा,
सुखदेव

ता. क. – एक लहानसं काम आहे. कंपनीचं ऑफिस तुझ्या पोस्टापासून चालत जाण्यासारखं आहे. मधल्या सुट्टीत जाऊन माझी निवड झाली का तेवढं विचारून ये. पत्र अजून आलेलं नाही. ते आल्याशिवाय मला नकार देता येत नाही, आणि बाबा रोज पोस्टमनच्या वेळेला काहीतरी निमित्त काढून दारात बसतात. लूमवर ते आठवडाभर उशिरा जात आहेत.

ता. क. २ – निवड झाली नसेल तर मी नाकारणार होतो हे कोणाला सांगू नकोस. तसं सांगितलं तर कोणालाही पटत नाही, हे मी रुखमाबाईच्या मुलाच्या बाबतीत पाहिलं आहे. आणि तार करू नकोस. आपल्या वस्तीत तार आली की आधी रडतात, मग फोडतात.

ता. क. ३ – निवड झाली असेल तर तुझ्या गॅलरीत मी आणि माझी ट्रंक मावू का ते कळव. नकार पत्राने न देता समक्ष जाऊन द्यावा असं मनात आहे. नीट द्यायचा तर नोकरी आतून पाहायला हवी, आणि त्याला दोन-चार वर्षं लागतील.

ता. क. ४ – टोपी कंपनी देते की आपण शिवून घ्यायची, तेही विचार. बाबा विचारत होते.

ता. क. ५ – बाबांनी विचारलेलं नाही.