हरल्यावर चढायच्या पायऱ्या

सर,

या मोसमात आपण एकही सामना जिंकलेला नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण आडवळणाने सांगितलेलं तुम्हाला कधी आवडलं नाही. दहा सामने झाले, दहाही गेले. उरलेला एक आज दुपारी चार वाजता आपल्याच कोर्टवर आहे, आणि मी सकाळपासून स्वयंपाकघरात बसून भेंड्या पुसतेय. पुसलेल्याच पुन्हा पुसतेय, हे आत्ता लक्षात आलं. मला भीती वाटतेय. हरण्याची नाही, हरणार तर आहोतच. हरल्यानंतरच्या दहा मिनिटांची भीती वाटतेय. हे सांगायला घरात कोणी नाही असं नाही, पण ज्यांना सांगायला हवं ते तुम्हीच, म्हणून भाजी बाजूला ठेवून वही ओढली.

तुम्ही गेलात त्याला अठरा वर्षं झाली. तुमच्यानंतर दोन कोच आले, दोघेही टिकले नाहीत, मग शिट्टी माझ्या गळ्यात आली. माझी काही फार हुशारी नाही सर, पण मुली चांगल्या मिळाल्या. घाटकोपरच्या या कॉलनीतल्या मुलींनी बास्केटबॉलचा उपनगरांचा करंडक सलग पाच वर्षं आणला. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, सगळे आपल्याकडे मान वर करून बघायचे. मग एकाच वर्षात चौघी गेल्या. दोघींची लग्नं झाली, एकीला पुण्याला नोकरी लागली, एकीचा गुडघा गेला. राहिलेल्यांत सगळ्यात मोठी आहे ती आपली कॅप्टन, एकोणीस वर्षांची. गोवंडीहून येते. आई तिकडच्या एका दवाखान्यात आया आहे, वडील नाहीत. बाकीच्या तर अजून दहावी-अकरावीच्या पोरी.

आपल्या लोकांची तऱ्हा तुम्हाला माहीत आहे. पहिले दोन सामने गेले तेव्हा चेष्टाच होती. इस्त्रीवाला म्हणाला, "मॅडम, रिंग लहान केली काय ह्यावर्षी?" वडापावच्या गाडीवर एकाने मला ऐकू जाईल असं सांगितलं, "पोरींना मिरची जास्त दे रे, झोपल्यात सगळ्या." मीही हसले. चौथा सामना गेला आणि दुसऱ्या दिवशी फ्री थ्रोच्या रेषेवर लिंबू, कुंकू आणि काळी बाहुली ठेवलेली सापडली. मुली वळसा घालून धावायला लागल्या, म्हणून मी ऐटीत ते सगळं पायाने बाजूला सारलं. मग घरी येऊन गुपचूप पाय धुतले. हसू नका. तुम्हीही धुतले असते.

तुमचा नियम मात्र चालू होता. जिंकलो तर बॅगा उचलून सरळ घरी. हरलो तर घरी जायचं नाही. सगळ्या संघाने रांगेने कोर्टालगतच्या सातही पायऱ्या चढायच्या आणि बसलेल्या प्रत्येक माणसाशी हात मिळवायचा. कोणी काही बोललं तर ऐकून घ्यायचं, उत्तर द्यायचं नाही. मुलुंडची कोच मला एकदा म्हणाली होती, "तुमच्याकडे हरल्यावर रिसेप्शन असतं का गं?" तिला काय सांगणार? मी बारा-तेरा वर्षांची असताना अंधेरीला हरवलं होतं आणि मी उड्या मारत पायऱ्यांवर गेले होते, तेव्हा तुम्ही सगळ्यांदेखत मला खाली बोलावलंत. "आज कशाला गेलीस? आज ते स्वतः येतील. येणार नाहीत त्या दिवशी जायचं." मी रडले होते. जिंकूनही बोलणी खाणारी त्या दिवशी कॉलनीत मी एकटीच होते.

आणि मग तो अंतिम सामना. मी पंधरा वर्षांची आहे. आपण एका गुणाने मागे आहोत, वेळ संपलेली आहे, आणि माझ्या वाट्याला दोन फ्री थ्रो आहेत. एक गेला तरी बरोबरी. पहिला रिंगला लागून बाहेर पडतो. दुसरा रिंगपर्यंतही पोचत नाही. पायऱ्यांवर असा काही आवाज होतो की मला वाटतं, आता ही सगळी माणसं खाली उतरणार. मी खांबाला धरून उभी आहे. तुम्ही येता, माझा हात धरता आणि चालायला लागता. दुसऱ्या पायरीवर एकजण म्हणतो, "घरी जाऊन भाकऱ्या थाप." चौथीवर एक बाई हात पुढेच करत नाही. सातव्या पायरीवर ताशावाले काका बसलेले असतात, गिरणीतून तिसरी पाळी करून न झोपता आलेले. जिंकलो की ताशा वाजवायचा, हरलो की उलटा करून शेजारी ठेवायचा, ही त्यांची रीत. ते माझा हात हातात घेतात आणि नुसतं "जेव जा, बाय" म्हणतात. माझा तळवा घामाने इतका ओला झालेला असतो की मला त्यांच्यापुढे लाज वाटते.

नंतर तुम्ही मला घरी नेलंत. काकूंनी मुगाची उसळ टाकली होती आणि तुम्ही पाटावर बसून लसूण सोलत होतात. मी विचारलं, "सर, तुम्हाला भीती नाही वाटत त्यांची?" मान वर न करता तुम्ही म्हणालात, "कसली भीती? आपलीच माणसं आहेत." हे वाक्य मी पुढे मुलींना किती वेळा ऐकवलं असेल. आमचे सर कधी घाबरायचे नाहीत, असं वर आणखी जोडून.

आता ते सांगते ज्यासाठी लिहायला बसले. आठवा सामना बोरिवलीशी होता, घरचाच. तिसऱ्या क्वार्टरपासून पायऱ्यांवरची पोरं पाय आपटायला लागली. मग एक पाण्याची बाटली आली, अर्धी भरलेली, आणि आपल्या सगळ्यात लहान मुलीच्या पायाशी फुटली. शेवटची शिट्टी झाली तेव्हा माणसं उठून उभी राहिली होती. मला हात दिसलेच नाहीत सर, फक्त उभी माणसं दिसली. मी मुलींना पंपाच्या खोलीमागच्या फाटकातून बाहेर काढलं. आणि दुसऱ्या दिवशी लोक विचारायला लागले तेव्हा मी सांगितलं, कॅप्टनला चक्कर आली होती, म्हणून घाईत न्यावं लागलं. तोंडातून सहज गेलं. मुलीच्या तब्येतीचं निमित्त सांगितलं की कोणी अंगावर येणार नाही, असं वाटलं. माझी अक्कल बघा.

दोन दिवसांनी ताशावाले काका भाजीच्या गाडीपाशी भेटले. ऐंशी उलटलीय, काठी घेऊन चालतात. म्हणाले, "अर्धो तास उभे होते गो सगळे. तुमची वाट बघीत." मी विचारलं, "कशासाठी उभे होते काका? हात मिळवायला की मारायला?" ते म्हणाले, "ता त्यांकाय म्हायत नव्हता. तू वर इली असतंस तर कळला असता."

नववा आणि दहावा सामना बाहेरच्या कोर्टवर झाले, पण इकडे कॉलनीत तिथून सगळी वाट लागली. कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर संघाचा फोटो फिरला, वर चंदनाचा हार आणि खाली उदबत्ती लावून. मग कॅप्टनचं नाव 'चक्कर' पडलं. तिने चुकवलेले शॉट एकाखाली एक लावून कोणीतरी व्हिडिओ केला आणि खाली तिच्या चाळीचं नाव टाकलं. मागच्या आठवड्यात सरावाहून जाताना दोन बाइक तिच्या रिक्षामागे देवनारपर्यंत गेल्या. काही केलं नाही, नुसतं "चक्कर, चक्कर" ओरडत राहिले. तिच्या आईचा मला फोन आला. ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "मॅडम, रविवारी पाठवू ना तिला? तुम्ही असाल ना बरोबर?" मी हो म्हणाले. आणि ही पोरगी काल सराव संपल्यावर बॉल गोळा करता करता म्हणाली, "मॅडम, उद्या चढू या ना आपण. मला काय चक्कर आली नव्हती, तुम्हालापण माहितीय. त्या दिवशी आपण पळालो." आवाजात राग नव्हता. मी म्हणाले, उद्याचं उद्या बघू.

तुमचा मला राग येतो, सर. तुमच्या वेळी माणसं पायऱ्यांवर बसायची आणि सामना संपला की घरी जायची. आता ती रिक्षामागे येतात. आपलीच माणसं, हे तुम्हाला लसूण सोलता सोलता म्हणता आलं. मी ते आज कोणाला सांगू? पावणेतीन झाले. जाते.

आता साडेसात वाजलेत. हरलो. आठ गुणांनी, म्हणजे यंदाच्या मानाने बरंच बरं.

शिट्टी झाली आणि मुली माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. पंपाचं फाटक माझ्या डाव्या हाताला, पायऱ्या उजव्या हाताला. खरं सांगते, माझे पाय डावीकडेच वळले होते. कॅप्टन पहिल्या पायरीशी जाऊन एकटी उभी होती. मग मी गेले आणि तिचा हात धरला. पहिल्या पायरीवरच्या पोरांनी खिशातून हात काढले नाहीत. दुसरीवर एकाने मोबाइल आमच्या तोंडासमोर धरला आणि पाठीपाठी वर येत राहिला. तिसरीवर दोन बायकांनी हात मिळवले, एकीने लहान मुलीच्या गालाला हात लावला. चौथ्या पायरीवर एक दणकट माणूस होता, चाळिशीचा, लहानपणापासून ओळखीचा. त्याने कॅप्टनचा हात धरला तो सोडेना. "काय, आज चक्कर नाय आली? आँ?" आजूबाजूचे हसले. कोणीतरी मागून तिच्या चाळीचं नाव घेतलं. तिचा चेहरा पांढरा पडला, पण हात तिने खेचून घेतला नाही, तुमच्या नियमाप्रमाणे.

मी नियम मोडला, सर. मी उत्तर दिलं. "चक्कर तिला आली नव्हती. मी घाबरले होते. तुम्हाला घाबरले. म्हणून मागून पळाले आणि तिचं नाव पुढे केलं." माझा आवाज चिरका निघाला. हसणं थांबलं. पुढचे काही क्षण काहीही होऊ शकलं असतं, आणि तिचा दुसरा हात मी अजून धरून ठेवला होता. त्या माणसाने माझ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. म्हणाला, "मला घाबरलीस? तुझ्या मागच्या बाकावर बसायचो मी." आणि हात सोडला. पाचवीवर लोक स्वतः उठले. सहावीवर एकजण थुंकला, पण बाजूला.

सातवीवर काका, नातवाच्या खांद्याला धरून उभे. ताशा उलटा. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. मग म्हणाले, "तुझ्या मास्तराचो हातपण असोच भिजलेलो असायचो. दर वेळेक." मी म्हणाले, "सर घाबरायचे?" काका म्हणाले, "नाय तर काय! पयल्या पायरीपासून थरथरायचो. वर पोचलो की माका म्हणायचो, सुटलो रे बाबा."

मी तिथेच खाली बसले. लोकांना वाटलं, आता हिला चक्कर आली.

भीती गेलेली नाही. मोबाइलवाल्या पोराने व्हिडिओ टाकलाय, खाली काय काय लिहिलं असेल ते उघडून बघायचं धाडस अजून झालेलं नाही. कॅप्टनला मी स्वतः घरापर्यंत सोडून आले, आणि उद्यापासून काही दिवस तसंच करावं लागेल. पुढच्या वर्षी संघ उभा राहतो की नाही, तेही ठाऊक नाही. हे पत्र प्रथमोपचाराच्या पेटीत पट्ट्यांच्या खाली ठेवणार आहे, तिथे माझ्याशिवाय कोणी हात घालत नाही. आणि काका म्हणतात ते खरं, तर त्या अंतिम सामन्यानंतर माझ्या तळव्यात जो घाम होता, तो तुमचा होता. इतकी वर्षं मी तो माझा समजत आले आणि त्याची लाज बाळगत आले.

गोवंडीला रिक्षातून उतरताना कॅप्टनने तळवा पँटला पुसला आणि ओशाळून म्हणाली, "सॉरी मॅडम, वर चढताना माझा हात किती घामेजलेला होता ना." मी म्हणाले, असू दे गं. तो माझा होता, हे मी तिला सांगितलं नाही.