पाळण्याची कोरी फळी

प्रिय बाबा,

पत्र बघून दचकू नका, इथे सगळ्यांचं ठीक आहे. फोन केला की तुम्ही "हं, आईला देतो" म्हणून मोकळे होता, आणि आई मग तुमचं म्हणणं तिखटमीठ लावून मला ऐकवते. पत्र काही तसं आईकडे सरकवता येणार नाही. म्हणजे येईल, पण निदान आधी वाचावं तरी लागेल.

तुमची नात आता कुशीवर वळायला लागली आहे. वळते आणि अडकते, आणि अडकली की अशी ओरडते, जणू आम्हीच तिला पालथं घातलं. बाकी तब्येत छान, भूक जरा जास्तच छान. नाही ते फक्त नाव. सासूबाई तिला सोनी म्हणतात, शेजारच्या शिंपीणकाकू पिलू म्हणतात, तुमचे जावई रोज नवं काहीतरी काढतात, परवा चक्क "साहेब उठले का?" विचारत होते. दवाखान्यातल्या नर्सबाई लस टोचता टोचता मला म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही शाळेत शिकवता ना? वर्गभर पोरांची नावं पाठ, आणि घरच्या एकीला नाव सापडेना होय?" काय सांगणार त्यांना? की नाव सापडलंय, एक सोडून तीन सापडलीत, पण आमचे बाबा एकही पास करत नाहीत!

"नाव ठरलं की ब्रश घेऊन येतो," हे तुमचेच शब्द आहेत, बाबा. ती झाली त्याच आठवड्यातले. पाळण्याच्या पुढच्या फळीवर नाव तुम्हीच रंगवायचं, हे आपल्या घरात कुणी कुणाला सांगावं लागत नाही. दादाचं तुम्ही रंगवलंत, माझं रंगवलंत, आत्याच्या तिन्ही पोरांची रंगवलीत. म्हणून तुमच्या जावयांनी फळी घासून, पांढरा हात मारून केव्हाच तयार ठेवली. ती आजही तशीच पांढरी आहे. येणारा-जाणारा पाळण्यात वाकतो, बाळाचं कौतुक करतो, आणि मग विचारतो, "इथे काहीतरी यायचंय का?" यायचंय. आजोबा यायचेत.

आणि नाव ठरू कोण देत नाही? तुम्हीच. हाक मारायला वसू, हे तर पहिल्या दिवशीच ठरलं, तुम्हीच सुचवलंत आणि सगळ्यांना आवडलं. पण नुसतं वसू नको, पूर्ण नाव काहीतरी हवं, एवढंच माझं म्हणणं. वसुधा म्हटलं तर तुमचा निरोप, "गाण्याच्या क्लासची पाटी वाटते." वसुमती म्हटलं तर "शेवटच्या अक्षराला फळीवर जागा उरत नाही." वसुंधरा म्हटलं, जे मला मनापासून आवडलंय, तर म्हणे, "त्या नावाची रोपवाटिकेची पाटी केलीय मी, मला नातीच्या पाळण्यावर गांडूळखत दिसेल." बाबा, अहो, माझी मुलगी आहे ती. दुकान नाही. ती कुठे भिंतीवर बसणार आहे की कसं दिसतं हे रस्त्याच्या पलीकडून बघायचं?

मी लांब नावाचा हट्ट का धरते, ते तुम्हाला वाटतं शिकून डोक्यात हवा गेली म्हणून. दादाही तेच म्हणतो, "पदवी हिला मिळाली आणि भोगतंय बाळ." तसं नाही. मला ज्या दिवशी पदवी मिळाली तो दिवस आठवा. आपल्या घरातली पहिली पदवी. तुम्ही दुकान बंद ठेवून आलात, नखांतला रंग टर्पेंटाइननं घासून घासून काढला होतात, आणि सभागृहभर तुमच्याच बोटांचा वास येत होता. माझ्या पुढच्या मुलीचं नाव पुकारलं, ते एखाद्या मिरवणुकीसारखं लांबलचक, ती ऐटीत पायऱ्या चढेपर्यंत चाललं. मग माझं. दोन अक्षरं. सुरू झालं आणि संपलं. आई अजून पर्समधून चष्मा शोधत होती. नंतर बाहेर ती मला विचारते, "तुझा नंबर कधी आहे गं?" तेव्हा आपण तिघंही पोट धरून हसलो, पण मी मनात ठरवून टाकलं, मला मुलगी झाली तर तिचं नाव असं असेल की ते संपेपर्यंत तिची आई चष्मा घालून तयार असेल.

शाळेतही मी प्रत्येक मुलीला पूर्ण नावानं हाक मारते. शिक्षकांच्या खोलीत माझी थट्टा चालते, "बाई हजेरी घेतात की शपथविधी?" म्हणू देत की. घरी बेबी, छकुली, ठकी, बारकी म्हणून वाढलेल्या मुली आहेत त्या. पूर्ण नाव घेतलं की आधी इकडेतिकडे बघतात, दुसरीच कुणीतरी असेल म्हणून. मग हळूहळू पाठ ताठ करून उभ्या राहायला लागतात. हे मी रोज बघते, बाबा, पुस्तकात वाचून सांगत नाही.

तुमचंही म्हणणं मला पटत नाही असं नाही. लेकरू जिन्याकडे धावलं तर चार अक्षरं पुरी होईपर्यंत ते खाली पोचलेलं असेल, हे अगदी खरं आहे. हाक मारायला वसूच. पण जिना काय जन्मभर पुरतो का?

असो. गेल्या आठवड्यात मी कंटाळले. रात्रभर जागरण, दिवसभर कपडे, वर तुमचे निरोप. मी आईला फोनवर सांगून टाकलं, जाऊ दे, बाबा म्हणतात तेच, नुसतं वसू. दोनच अक्षरं. रविवारी या आणि रंगवा. मला वाटलं, तुम्ही त्याच दिवशी डबे बांधायला घ्याल. त्यावर तुमचं उत्तर काय आलं? "वसू घाईघाईत ठरवलंस. जरा थांब. विचार कर." बाबा! स्वतः सुचवलेलं नाव तुम्ही स्वतःच नापास केलंत! मी फोन ठेवला आणि एवढी ओरडले की सासूबाई बाळाला घेऊन शिंपीणकाकूंकडे जाऊन बसल्या. तुमच्या जावयांना म्हटलं, माझ्या वडलांना नात नकोय, स्पष्ट सांगत नाहीत एवढंच. मुलगी झाली म्हणून तर नाही ना, इथपर्यंत माझी जीभ गेली.

तेव्हा ते म्हणाले, "असं बोलू नकोस. मी शब्द दिलाय, पण आता राहवत नाही."

त्यांच्यावर रागावू नका. महिन्याभरापूर्वी लिफ्टच्या दुरुस्तीला ते तुमच्या बाजूला आले होते, तेव्हा न सांगता दुकानात डोकावले. शटर अर्धं खाली होतं. आत तुम्ही दातांच्या डॉक्टरांच्या पाटीसमोर बसला होतात. पेन्सिलीनं अक्षरं आखलेली, त्यातलं एकच रंगवलेलं. हाताखाली टेकायची काठी होती, तरी उजवं मनगट तुम्ही डाव्या हातानं घट्ट धरून ठेवलं होतंत, आणि ब्रश तरीही थरथरत होता. त्यांना बघून तुम्ही ब्रश डब्यात टाकलात आणि म्हणालात, "चिमीला सांगू नका. नातीच्या नावाची रेघ वाकडी गेली असं व्हायला नको. हात जरा बरा होऊ दे, मग येतो." मग तुम्ही त्यांच्यासाठी चहा मागवलात, आणि तुमचा कप तसाच गार होऊ दिलात, कारण तो उचलला असता तर सांडला असता.

मी लगेच दादाला फोन लावला. त्याला माहीत होतं. आईलाही माहीत होतं! डॉक्टरांना दाखवून झालं, गोळ्या सुरू झाल्या, आणि मला कुणी काही सांगितलं नाही, कारण मी बाळंतीण. एवढी शिकवलीत मला, आणि घरातली खरी बातमी मात्र मला लहान मूल समजून लपवायची? दादा म्हणाला, "मी बाबांना म्हटलं, मशीनवर अक्षरं कापून देतो, पाच मिनिटांचं काम, चिकटवून या. तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत." मला त्यावर हसूही आलं आणि तुमचा असा राग आला की काय सांगू. एवढे दिवस मी इथे वह्या भरभरून नावं शोधत बसले, अर्थ शोधत बसले, पुस्तकवाल्याकडून जुने शब्दकोश आणले, आणि तुम्ही तिथे ठरवून एकेकाला नापास करत होतात. वसुधा नको, वसुमती नको. नावांचा काय दोष होता, बाबा?

आईकडून सगळं खोदून काढलंय. म्हणाली, सकाळी उठल्यावर तुमचा हात पुष्कळ स्थिर असतो, चढत्या दिवसाबरोबर बिघडतो. दातांच्या डॉक्टरांच्या पाटीवरचं ते एक अक्षरही सकाळचंच आहे म्हणे.

म्हणून हे पत्र. नाव मी ठरवलं आहे, आणि हे विचारत नाहीये, कळवतेय: वसुंधरा. वसू नाही. वसू एका सकाळीत उरकेल आणि तुम्ही दुपारच्या गाडीनं परत पळाल, मी ओळखते तुम्हाला. वसुंधरेला चार अक्षरं आहेत. रोज सकाळी एकच रंगवायचं. ज्या सकाळी हात ऐकणार नाही त्या सकाळी रंगवायचं नाही, नातीला मांडीवर घेऊन बसायचं. तिचे तर दोन्ही हात आणि दोन्ही पाय दिवसभर हलत असतात, तुमचं तिच्या लक्षातही येणार नाही. रेघ हलली तर ती खरवडायची नाही, पुसायची नाही, मी तिथेच उभी असेन. मला दुकानातल्यासारखी पाटी नकोय, मला तुमच्या हातची हवी आहे, आणि तुमचा हात आता जसा आहे तसा आहे. चहा मी अर्धाच कप देईन, हवा तितक्या वेळा. रविवारी तुमचे जावई तुम्हाला आणि आईला घ्यायला येतील. ब्रश, रंग आणि काठी बरोबर घ्या, आणि दादाच्या मशीनवरचं काहीही आणू नका. अजून थांबायचं असेल तर थांबा, फक्त एवढं ध्यानात ठेवा, ती पाळण्यात मावायची बंद होत चालली आहे.

तुमचीच,
चिमी