अस्वलाच्या तड्याबद्दल

मी, ल्युबोर हाव्हेल्का, वय एक्क्याऐंशी, ओतीव काचेचा कारागीर, राहणार झेलेझनी ब्रोद, हे मृत्युपत्र शुद्धीत असताना, कोणाच्याही दडपणाशिवाय, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. लिहायला फार उशीर केला, त्याबद्दल माझी मुलगी ड्राहोमिरा हिची माफी मागतो. सही होताच याची एक प्रत तिला ओस्ट्राव्याला पाठवायची आहे. मी गेल्यावर तिने वाचून उपयोग नाही.

१. नदीकाठचे घर व भट्टीची खोली माझ्या पश्चात ड्राहोमिराची. छप्पर उत्तरेकडून गळते. तिने विकले तरी माझी हरकत नाही.

२. बँकेतली शिल्लक शेजारीण ब्लाझेनाबाईंना. दोन वर्षे त्या सूप आणून देतात आणि रोज ओरडतात, "खा हो, का काच खाऊन जगणार आहात?"

३. माझे घासण्याचे चाक चुलतभाऊ राडोस्लावने बारा वर्षांपूर्वी नेले. ते त्यालाच राहू दे. माझ्या अंत्यविधीला त्याने भाषण मात्र करू नये.

४. काचेचे अस्वल. हे कलम लिहिताना तीन कागद फाडले.

मोरावियात जमिनीखाली हजारो वर्षांपूर्वीची मातीची जनावरे सापडली, त्यांच्यावरून मी काचेची जनावरे ओतायचो. १९९१ चे अस्वल सर्वांत मोठे. बंद भट्टीत ते बेचाळीस दिवस निववायचे होते. रोज किती उष्णता उतरवायची, त्याची वही ड्राहोमिरा सांभाळत होती. भट्टी आधी उघडली तर काच तडकते, हे मला माहीत होते. पण धीर धरवेना. ती पाव आणायला गेली असताना, विसाव्या दिवशी, मी दार चार बोटे उघडले. कान नीट आलेत का, एवढेच बघायचे होते. आतून टिक् असा आवाज आला. मी दार लावले.

अस्वल निघाले ते खांद्यापासून पोटापर्यंत तडा घेऊन.

"बाबा, मी वहीप्रमाणेच उतरवलं, शपथ!"

"मग काय अस्वलानं आळस दिला?" मी सगळ्या कामगारांसमोर म्हणालो. ते हसले.

"तुम्ही उघडली होती का?"

"मला विचारतेस? भट्टीत जन्म गेलाय माझा!"

ती त्याच आठवड्यात घर सोडून गेली. आता दातांच्या कवळ्या बनवते. काचेला पुन्हा हात लावला नाही. पुढे प्रदर्शनात लोकांनी त्या तड्याचीच वाहवा केली. मी मान डोलावली, बक्षीसही घेतले.

म्हणून अस्वल ड्राहोमिराचे. नगरपालिकेच्या दालनात त्याखाली 'तडा हेतुपुरस्सर' अशी पाटी आहे, ती काढावी. नवी पाटी: 'भट्टी वेळेआधी ल्युबोर हाव्हेल्काने उघडली. मुलीची चूक नव्हती.' शब्द बदलू नयेत.

५. तिची वही सोबत पाठवतो. एकही आकडा चुकलेला नाही. मी तेव्हाच तपासले होते.

हाताने लिहिलेल्याला साक्षीदार लागत नाहीत, असे वकीलबाई म्हणाल्या. मला धाकधूक वाटते, म्हणून घेतले.

साक्षीदार: ब्लाझेना कुचेरोवा, शेजारीण (वाचून माझ्याशी बोलल्या नाहीत, पण सही केली)
एव्झेन मालाट, पोस्टमन

सही: ल्युबोर हाव्हेल्का
झेलेझनी ब्रोद, ११ फेब्रुवारी २०१९

ड्राहा, डॉक्टर फार तर ईस्टरपर्यंतचे, म्हणजे दोनेक महिन्यांचे बोलतात. यावेसे वाटले नाही तर येऊ नकोस. पण वाचलेस, एवढे तरी कळव. शिव्या लिहिल्यास तरी चालेल. लवकर कळव.