सौनाची राख आणि तीन अझेलिया

५ मे
पाइनच्या अर्ध्या सावलीत तीन अझेलिया लावले. उणे पस्तीस अंशांच्या थंडीतही मरत नाहीत म्हणे. माझ्यासारखेच. लेकीचा, सिर्पाचा फोन. आई, एकटीनं घर होत नाही तुला, शहरात फ्लॅट बघितलाय, म्हणाली. मी पैज मारली. जूनअखेरच्या युहान्नुसच्या सणाला तिन्ही फुलले तर मी इथंच. नाहीतर मुकाट्यानं येईन. लगेच हो म्हणाली. बिचारी!

८ मे, शनिवार
वाफेच्या आंघोळीसाठी सौना तापवला. चुलीतली बर्चच्या लाकडाची राख तिन्ही झाडांना. आमचे हे, तौनो, दर आठवड्याला घालायचे. बटाटे काय पोसायचे!

२२ मे
पानं पिवळी. भूक लागली असणार. राख दुप्पट केली.
शेजारचा ओइवा कुंपणाशी आला. हिल्का, राख नको, म्हणाला. अझेलियाला आंबट माती लागते, राखेनं आंबटपणा मरतो. बाई गं, एवढं तर तो स्वतःच्या लग्नातही बोलला नव्हता! शाळेत एका बाकावर होतो, तेव्हापासून डोळा आहे माझ्यावर. विचारलं, राखेचं निमित्त कशाला, सरळ कॉफीला ये की. कान लाल करून गेला.

२९ मे
पायरीवर पाइनच्या वाळक्या सुयांची बादली. ओइवाची. मुळाशी पसर, माती आंबट होईल, असं सांगून गेला. या वयात भेटवस्तू! सुयांनी चूल झकास पेटली. राख झाडांना.

१२ जून
कळ्या गळाल्या. हवाच वाईट यंदा. ओइवाचे अझेलिया मात्र भगवे फुललेत, मुद्दाम माझ्या खिडकीसमोर. तौनो असते तर म्हणाले असते, घाल अजून. घातली.

१९ जून
एका झाडावर एक पान उरलंय. सिर्पाला कळवलं, प्रगती आहे.

२५ जून
पान गेलं.

२६ जून, युहान्नुस
सिर्पा आली. तीन काटक्या बघितल्या. हसेल वाटलं, हसली नाही. फ्लॅटवर किती कप न्यायचे एवढंच विचारलं. म्हटलं, दोन. मग म्हटलं, बरं, एकच.
ओइवा फुलांची फांदी घेऊन आला. कॉफी पिऊन गेला. आज मी त्याला चिडवलं नाही.
फ्लॅटला बाल्कनी आहे, अर्ध्या सावलीत. अझेलिया तिथं नक्की येतील. फक्त तिथला सौना विजेवर चालतो, राख मिळायची नाही.
एक बादली भरून घेतली आहे.