मेढ्याच्या उतारावरचा ब्रेक

आबा, तुमच्या त्या गाडीनं गेले चार दिवस माझा जीव नकोसा केलाय. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, पण गाडी उघडली की तुम्ही आतच बसलेले असता. कुठल्या नटाला सुतळी गुंडाळलेली, कुठं सायकलच्या ट्यूबचा तुकडा कोंबलेला, आणि एका जागी तर माझ्या कंपासपेटीचं झाकण कापून पट्टी केलेली. त्या झाकणापायी मी अख्खं घर पालथं घातलं होतं, आणि तुम्ही शांतपणे म्हणाला होता, "वस्तू जाग्यावर ठिवायला शिक." पलटणीत वीस वर्षं गाड्या दुरुस्त केलेला माणूस, आणि घरच्या गाडीला हे असलं. आता म्हणे या गाडीला क्लासिक म्हणतात. सांगलीतल्या गॅरेजवाल्यानं मात्र एकदा वाकून बघितलं आणि म्हणाला, "ताई, पुढचे शॉकअप गेले, ब्रेक गेले, तुमी नवी घ्या की." म्हणून मीच पाने घेऊन बसले. उघडायची मला कधीच भीती नव्हती. चालवायची होती, आणि ती कुणामुळं ते तुम्हाला माहीत आहे.

हा सगळा खटाटोप आईमुळं. ती आता माझ्याकडंच असते. गेल्या महिन्यात तिनं हट्ट धरला, आत्याला भेटायला मेढ्याला जायचं, पण आपल्याच गाडीतनं. मी म्हटलं, अगं, जावयाची गाडी दारात आहे, एसी आहे. तर म्हणाली, "एसीत माझं गुडघं धरत्यात. आपली गाडी काय मेली न्हाई." म्हणजे ज्या गाडीत तिचं मनगट मोडलं, त्याच गाडीतनं आणि त्याच रस्त्यानं. या बाईपुढं तुमचं कधी चाललं नाही, माझं काय चालणार.

तो दिवस मला अजून जसाच्या तसा दिसतो. मी बावीस वर्षांची, नवं लायसन. तुम्ही शेजारी, आई मागं आत्यासाठी केलेल्या शेंगांच्या पोळ्यांचा डबा मांडीवर घेऊन. आठच दिवसांपूर्वी तुम्ही पुढचे ब्रेक खोलून परत बसवलेत. पेडल मऊ लागतंय, असं मी दोनदा म्हणते. तुम्ही म्हणता, "दाब की जोरात. पायात जीव न्हाई व्हय?" मेढ्याच्या अलीकडचा उतार लागतो, समोर म्हशी येतात, मी दाबते आणि पेडल खाली जाऊन पत्र्याला टेकतं. मी गाडी डोंगराच्या अंगाला चरीत घालते. तुम्हाला खरचटत नाही, मलाही नाही. आईचा हात मात्र डब्याखाली अडकून वाकडा होतो. संध्याकाळी ती आत प्लास्टर घालून पडलेली आणि दवाखान्याच्या व्हरांड्यात तुम्ही मला एवढंच म्हणालात, "ब्रेकला काय झालं न्हाई. तुजा पाय भित्रा हाय."

आबा, एवढं एकच वाक्य. त्यानंतर मी स्टीअरिंगला हात लावला नाही. आईचं मनगट नीट वळेना, तिला भाकरी थापता येईना, म्हणून लग्न होईपर्यंत मी भाकरी केल्या, आणि ती शेजारी पाटावर बसली की तिच्या हाताकडं बघायचं टाळलं. चोवीस वर्षं ते मनगट मी माझ्या नावावर धरून चालले. तुम्हाला ते दिसत होतं. तुम्ही ताटावर बसून "भाकरी जरा जाड झाली" म्हणायचात.

तर आता हे काम. जुने शॉकअप काढले, दोन्हींतलं तेल गळून गेलेलं. स्प्रिंगा शिकंज्यात दाबून धरल्या आणि नवे शॉकअप बसवले. मग ब्रेक. नव्या डिस्क घातल्या, त्या डिस्कला दोन्हीकडून चिमटा घेणारे कॅलिपरही नवे घातले, तेल भरलं आणि नवऱ्याला पेडलवर बसवलं. मी खाली पडून कॅलिपरवरचा हवा काढायचा निपल ढिला करते, तो दाबतो, हवा निघते, मी आवळते. निघते म्हणजे निघायला पाहिजे. दोन दिवस संध्याकाळी शाळेतून आले की हेच. दाबा, धरा, सोडा. पेडल लोण्यासारखं मऊ. नवरा म्हणाला, "माझा पाय आता आपोआपच हलतोय, झोपेतपण." मी त्याच्यावर उगाच डाफरले. मग वैतागून तुमचे जुने कॅलिपर रॉकेलमध्ये धुवायला घेतले, म्हटलं निदान नव्या-जुन्यात फरक काय ते तरी बघू.

एकावरचा काळा थर निघाला आणि खाचेत लाल रंग दिसला. माझं नेलपॉलिश. मैत्रिणीनं वाढदिवसाला दिलेली ती बाटली तुम्ही खुणा करायला पळवली होती, आणि विचारलं तर "मला काय नखं रंगवायची हायत?" म्हणाला होता. त्या कॅलिपरवर आधी 'उजवा' लिहिलेलं, मग ते खिळ्यानं खरडून शेजारी 'डावा' लिहिलेलं. दुसऱ्यावर बरोबर उलट. दोन्ही घेऊन मी गाडीपाशी गेले. जुने कॅलिपर चाकांजवळ धरून बघितले. तुमच्या दुरुस्त केलेल्या खुणेप्रमाणं धरले की निपल वर येतो, आधीच्या खुणेप्रमाणं धरले की खाली जातो. निपल खाली असला तर तेल निघतं, हवा वरच अडकून राहते, आणि पेडल पत्र्याला टेकतं. खोलताना तुम्ही गाडीसमोर बसून आपल्या हाताचं डावं-उजवं लिहिलं होतं, आणि बसवताना तीच खूण गाडीची धरली होती. गाडीचं डावं म्हणजे डायव्हरचं डावं, हे मला तुम्हीच डोक्यात टपली मारून शिकवलं होतं.

म्हणजे अपघातानंतर गाडी उघडलीत तेव्हा तुम्हाला कळलं. कळलं, खरडलं, नीट लिहिलं, नीट बसवलं, आणि पाने पुसून ठेवून दिलेत. मला एक शब्द बोलला नाहीत. मला राग आलाय आबा, लय राग आलाय. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, याचाही राग आलाय.

नवे कॅलिपर काढून मी बाजू बदलल्या. पाच मिनिटांत हवा निघाली आणि पेडल घट्ट लागलं. आई पडवीत खुर्चीवर बसून हे बघत होती. तिनं विचारलं, "आदी का लागत नव्हता गं ब्रेक?" माझ्या अगदी ओठावर आलं होतं. तुमच्या खुणा, तुमचा तो व्हरांडा, सगळं. तिनं वाकडा हात दुसऱ्या हातात धरला होता, नेहमी धरते तसा. मी म्हटलं, "तेल खराब निघालं, आई."

"त्येंनीबी तवा हेच सांगितलं हुतं," आई म्हणाली. "तेल खराब हुतं, पोरीची काय चूक न्हाई. तीनतीनदा सांगायचं. मी म्हनलं, मी कवा म्हनलं तिची हाय म्हनून?"

तिला तीनदा सांगितलंत. मला एकदा सांगायला काय झालं होतं? मी त्याच घरात, चुलीपाशी बसलेली होते.

उद्या सकाळी आईला घेऊन मेढ्याला निघतेय. गाडी मी चालवणार. नवरा मागं बसेल, त्याच्या मांडीवर डबा देणार आहे. तुम्हाला लिहिलेले हे कागद पोस्टात टाकायचे नाहीत, तुमच्या पान्यांच्या पिशवीत राहतील. एक तेवढं राहिलं. मी शाळेत विज्ञान शिकवते, हवा वर जाते हे दरवर्षी फळ्यावर काढून दाखवते, आणि नवे कॅलिपर मीही गाडीसमोर बसून उलटेच लावले होते. हे घरात कुणाला माहीत नाही. नवरा कालपासून तेलवाल्या दुकानदाराला शिव्या घालतोय, आणि मी त्याला घालू देतेय.